काडीमोड ते कौटुंबिक न्यायालय : हक्क हिरावला कुणी, मिळवून दिला कुणी?

घटस्फोट हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या संस्कृतीत लग्न हे सात जन्मांचे बंधन असते, असे कोणी सांगू लागला की त्याला एकच प्रश्न विचारावा. 'आपल्या' म्हणजे नेमक्या कोणाच्या संस्कृतीत?

महाराष्ट्रातल्या कष्टकरी जातींत काडीमोड होती. पंचांसमोर गवताची काडी मोडायची, नवऱ्याने सोडचिठ्ठी द्यायची आणि दोघे मोकळे. मोकळी झालेली बाई पाट लावून दुसरे घर करू शकत असे. विधवाही पाट लावत. नवरा-बायकोचे पटत नसेल तर वेगळे व्हावे, यात शेतात आणि गावकुसाबाहेर राबणाऱ्या माणसांना पाप दिसले नाही.

पाप दिसले ते मनुस्मृतीला. नवऱ्याने विकली किंवा टाकून दिली तरी बायको त्याच्यापासून मुक्त होत नाही, असे तिच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात ही बेडीही होती.

पण काडीमोडीचे गोडवे गाऊ नयेत. पंच सगळे पुरुष. दंड त्यांनी ठरवायचा, जेवणावळ त्यांनी झोडायची. पोटगीची हमी नाही. नवऱ्याने सोडचिठ्ठी अडवून धरली तर बाई अधांतरी. काडीमोड ही सवलत होती, हक्क नव्हता. हा फरक लक्षात ठेवला तरच पुढचा इतिहास कळतो.

इंग्रजांची न्यायालये आली आणि शास्त्री-पंडितांचा धर्मशास्त्रीय अर्थ 'हिंदू कायदा' म्हणून बसू लागला. जातीला लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा अधिकार आहे हे न्यायालय मानणार नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने 1876 साली घेतली. जातीची सत्ता मोडली हे एका अर्थी ठीकच. पण तिच्या जागी बाईला दुसरा मार्ग कोणता दिला? कोणताच नाही. उलट पंचांच्या भरवशावर दुसरे घर केलेल्या बाईवर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा लागण्याची वेळ आली.

याच काळात, 1884 साली, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता आणि तो त्यांच्या जातीच्या रिवाजाला धरूनच होता. रखमाबाईंचे लग्न मात्र अकराव्या वर्षी लावलेले. त्या नांदायला गेल्या नव्हत्या आणि जायलाही तयार नव्हत्या. 1885 साली न्या. पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. 1887 साली न्यायालयाने सांगितले : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. लोकमान्य म्हणवणारे टिळक कोणाच्या बाजूने होते? रखमाबाईंच्या विरोधात. अखेर 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

सयाजीराव महाराजांनी 1931 साली बडोदा संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो 1947 साली आला. पण सगळ्या देशासाठी हा हक्क मांडला तो बाबासाहेबांनी, हिंदू कोड बिलात. धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांना त्यांनी संसदेत दिलेले उत्तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. हिंदूंमध्ये बहुसंख्य शूद्र आहेत आणि त्यांच्यात घटस्फोटाची रूढी आहेच. मग मूठभर वरच्या जातींचा नियम सगळ्यांवर का लादायचा, असा त्यांचा सवाल होता. काडीमोडीतली मोकळीक त्यांनी घेतली आणि पंचांची मर्जी वगळली. बिल अडवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण हे कारण मोठे होते.

1955 साली हिंदू विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. क्रूरता आणि त्याग ही घटस्फोटाची कारणे म्हणून यायला, आणि परस्पर संमतीचा घटस्फोट मिळायला 1976 उजाडावे लागले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984 चा. पुण्यात आणि मुंबईत ही न्यायालये 1989 साली सुरू झाली.

आता या न्यायालयाचा कारभार पाहा. अर्ज दाखल झाला, समन्स बजावले की प्रकरण समुपदेशकाकडे जाते. शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करा, असे कायदाच सांगतो. हेतू चांगला. पण समेट बरोबरीच्या दोघांत होतो. जिच्या हातात घरभाडे नाही, तिला 'मुलांकडे बघ, थोडे सोस' म्हणणे हा समेट नव्हे. सात जन्मांचे बंधन मागच्या दाराने आत आणणे आहे. पक्षकाराला हक्क म्हणून वकील लावता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. कज्जा साधा व्हावा म्हणून ही तरतूद केली. पण इंग्रजीतले कागद आणि तारखांचा घोळ ज्याला माहीत, त्याचाच वरचष्मा राहतो. खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करा, अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढा, असेही कायद्यात लिहिले आहे. आणि प्रत्यक्षात? तारीख पे तारीख.

सर्वात मोठा विनोद पुढेच आहे. ज्या मागणीने रखमाबाईंना तुरुंगाच्या दारात नेले, ती 'नांदायला पाठवा' ही मागणी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही शाबूत आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 साली हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली ते वैध ठरवले. दादाजींच्या दाव्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी! बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याने उलट हा अर्ज टाकायचा, हा डाव वकिलांच्या ओळखीचा आहे.

आता आपल्या घरातले बोलू. न्यायालयाला कंटाळून आपलीही माणसे स्टँप पेपरवर फारकत लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि घटस्फोट झाला समजतात. वस्तीतल्या बैठकीत चार ज्येष्ठ निवाडा देतात. रूढीने होणारा घटस्फोट कायद्याच्या कलम 29 ने राखून ठेवला आहे हे खरे. पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते; नोटरीचा शिक्का हा तिचा पुरावा नव्हे. उद्या नवऱ्याने दुसरे लग्न केले, तो वारला, पेन्शनचा प्रश्न आला, की त्या कागदाची किंमत शून्य होते आणि भोगते ती बाई. शिवाय एक तात्त्विक सवाल आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपण जात सोडली. मग लग्न मोडताना जातीचे पंच कशाला आठवतात?

मित्रांनो, न्यायालय अपुरे आहे म्हणून पंचायतीकडे परत जायचे नसते, न्यायालयाला कामाला लावायचे असते. लग्नाची नोंदणी करा. स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही, उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते, हे वस्तीवस्तीत सांगा. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात महाराष्ट्रात स्त्रियांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे, हेही सांगा. दोघेही राजी असतील आणि समेटाची आशाच उरली नसेल तर सहा महिन्यांची थांबण्याची अट न्यायालय शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी मिळकत शपथेवर जाहीर करावी, हे 2020 साली सांगितले आहे. हे निकाल माहीत असलेला एक कार्यकर्ता तारखेला त्या बाईच्या शेजारी उभा राहिला तरी खूप झाले.

जयंतीच्या मिरवणुकीत हिंदू कोड बिलाचा फलक आपण अभिमानाने धरतो. तो फलक धरणाऱ्या हातांनी कधीतरी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या बहिणीची फाईलही धरावी.

जय भीम!