जंबुकेश्वराचे पांढरे जांभूळ

तंजावरहून पश्चिमेस, कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांनी वेढलेल्या श्रीरंगम बेटावर तिरुवानैक्कावल हे शिवक्षेत्र आहे. येथील देव जांभळीखाली प्रकटला अशी श्रद्धा, म्हणून त्याचे नाव जंबुकेश्वर. पंचमहाभूतांपैकी जलतत्त्वाचे हे लिंग. गाभाऱ्यात पाणी सदैव झिरपत असते. स्थलवृक्ष मात्र आपल्या ओळखीचे काळे जांभूळ नव्हे. फिकट, पांढरट फळाचा तो विरळा वाण. तमिळ लोक त्याला वेण्णावल म्हणतात.

जलरूप देवाशेजारी हे झाड ज्याने कल्पिले, त्याला झाडांची पारख असली पाहिजे. जांभळीला पाण्याची ओढ फार. नदीकाठी ती आपसूक वाढते. मुळाशी काही काळ पाणी तुंबले तरी सहसा मरत नाही, आणि एकदा मुळे खोल गेली की अवर्षणही सोसते. बी मात्र नाजूक. चार दिवस अधिक वाळले की त्याची रुजण्याची शक्ती जाते. उलट, ताज्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे फुटतात आणि त्यांतले एखादे थेट आईचेच रूप घेऊन येते. बीपासून वाढविलेल्या झाडाचे फळ चाखायला आठ-दहा वर्षे थांबावे लागते.

फळ पिकते ते ज्येष्ठ-आषाढात. १७५२ च्या जूनमध्ये, म्हणजे याच दिवसांत, या बेटावर फ्रेंच सेनानी लॉ आणि त्याचा मित्र चंदासाहेब कोंडीत सापडले. फ्रेंचांनी जंबुकेश्वराच्या तटांचा आश्रय घेतला होता. वेढा घालणाऱ्यांत इंग्रज, मुहम्मद अली, म्हैसूरकर, मुरारराव घोरपडे आणि तंजावरचे मराठे होते. सुटकेसाठी चंदासाहेबाने तंजावरचा सेनापती मानाजी याच्याशी संधान बांधले. मानाजीने अभयाची शपथ घेतली. चंदासाहेब त्याच्या छावणीत आला आणि तत्काळ कैद झाला.

१७४९ च्या अखेरीस चंदासाहेबानेच तंजावरला वेढा घालून खंडणी मागितली होती, हे खरे. बंदी कोणाच्या ताब्यात जावा यावर दोस्तांत वाद माजला होता, हेही खरे. तरीही शपथ ती शपथ. आम्हा सरकारी नोकरांना तिचे मोल निदान कागदावर तरी ठाऊक असते. तंजावरकर भोसल्यांच्या ग्रंथसंग्रहाविषयी आपण कौतुकाने बोलतो, हे पान मात्र घाईने उलटतो.

मानाजीच्या छावणीत चंदासाहेबाचा शिरच्छेद झाला. शिर मुहम्मद अलीकडे धाडण्यात आले, आणि लॉने बेटावर शस्त्रे खाली ठेवली.