राज्याचा नकाशा आणि मैदानाचा नकाशा : महाराष्ट्रातील क्रिकेट संघटनांची फेररचना (१९३४ ते २०१८)

प्रस्तावना

महाड तालुक्यातील नाते हे किल्ले रायगडाच्या वाटेवरील गाव. भारताचे माजी अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी या गावी झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले देशमुख १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि तो राजकीय प्रश्न सुटला. क्रिकेटच्या मैदानावर मात्र तो सुटला नाही, किंबहुना तेथे तो कोणी सोडवू पाहिलाच नाही. रणजी करंडक स्पर्धेत 'मुंबई' आणि 'महाराष्ट्र' हे आजही परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. 'विदर्भ' हा तिसरा संघ त्यांच्या जोडीला आहे.

ज्या कुलाबा जिल्ह्याचे (१९८१ पासून रायगड) देशमुखांनी प्रतिनिधित्व केले, तो या मैदानी नकाशाच्या शिवेवर येतो. रायगडची जिल्हा क्रिकेट संघटना पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी संलग्न आहे; महाड-पोलादपूर परिसरातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी. म्हणजे नाते गावचा खेळाडू जिल्ह्याकडून खेळला तर त्याची वाट पुण्याकडे जाते आणि महाविद्यालयाकडून खेळला तर मुंबईकडे. ही विसंगती कशी निर्माण झाली, आणि संघटनांच्या फेररचनेच्या प्रत्येक प्रसंगी कोणते हितसंबंध निर्णायक ठरले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

इलाखा, धर्म आणि प्रदेश

मुंबईतील जुन्या क्रिकेटची विभागणी प्रदेशावर आधारलेली नव्हती. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात इलाखा सामना होत असे. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये 'रेस्ट' संघाच्या प्रवेशाने पंचरंगी. १९४६ मध्ये ती बंद पडली. या स्पर्धेने प्रेक्षक आणि पैसा दोन्ही मिळवले. तिचे धार्मिक स्वरूप मात्र राष्ट्रीय चळवळीला उत्तरोत्तर अडचणीचे होत गेले.

१९३४ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाने प्रदेश हा नवा पाया घातला. पण प्रदेश म्हणजे काय, याचे उत्तर त्या वेळी प्रशासकीय नकाशातून घेतले गेले नाही. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि सिंध हे पहिल्या हंगामातील चारही संघ तेव्हाच्या एकाच मुंबई इलाख्यातील होते (सिंध १९३६ मध्ये इलाख्यातून वेगळा झाला). ज्या शहरात क्लब, मैदान आणि आश्रयदाते होते, त्याच्याभोवती संघटना उभी राहिली आणि आसपासचा मुलूख तिच्या पदरी टाकला गेला. काठियावाडच्या संस्थानांनी 'वेस्टर्न इंडिया' आणि 'नवानगर' असे संघ उभे केले. इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला आणि संस्थानी राजवटीपाठोपाठ तो संघही इतिहासजमा झाला.

पुण्याच्या संघाला या वेगळेपणाचा लाभ लवकर झाला. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा करंडक मिळवला. एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने देशातील सर्वोच्च स्पर्धा जिंकून द्यावी, ही गोष्ट आजच्या व्यावसायिक क्रीडाविश्वात असंभाव्य वाटेल. १९४८-४९ मध्ये पुण्यात झालेल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात एकूण २,३७६ धावा निघाल्या. प्रथम श्रेणीच्या कोणत्याही सामन्यात याहून अधिक धावा झालेल्या नाहीत. दोन्ही संघ एकाच मराठी मुलखातले होते, पण त्यांची ईर्षा शेजारच्या राज्यांची असावी तशी होती.

खुर्च्यांचे राजकारण

फेररचनेची कारणे खेळात शोधली तर बहुधा सापडत नाहीत. १९३७-३८ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम नवे असताना हिंदू संघ पंचरंगी स्पर्धेतून बाहेर राहिला. वाद होता तो प्रेक्षागारातील जागांच्या वाटपाचा. जवळजवळ साडेतीन दशकांनी त्याच मैदानावर, तशाच कारणावरून, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. तिकिटांचा वाटा पुरेसा मिळत नाही म्हणून असोसिएशनने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. या स्वातंत्र्याचे पुढारी शेषराव वानखेडे हे विदर्भातील राजकारणी. मुंबईच्या क्रिकेटचे वेगळेपण जपणारे आणि त्याला स्वतःचे घर देणारे नेतृत्व विदर्भातून यावे, यावरून 'मुंबई' ही संघटना म्हणून भाषिक वा प्रादेशिक अस्मितेवर किती थोडी अवलंबून होती हे दिसते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हेच अधिक उघडपणे घडते. तेथील विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. गटाची मूळ कल्पना भौगोलिक शेजाराची. नोत्र दाम विद्यापीठाने फुटबॉलपुरते गटाबाहेर राहणे पत्करले, कारण स्वतःच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा करार ते स्वतंत्रपणे करू शकते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०११ मध्ये तोच मार्ग धरला आणि २०२३ मध्ये पुन्हा एका मोठ्या गटात प्रवेश केला. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या गटातील १२ पैकी १० विद्यापीठे बाहेर पडली. कॅलिफोर्नियातील संघ अटलांटिक किनाऱ्यावरील संघांशी गटसामने खेळू लागले. स्वतंत्र राहणे परवडते ते ज्याच्यापाशी प्रेक्षक आहे त्याला, हा धडा मुंबईच्या क्रिकेटने त्याआधी कितीतरी वर्षे गिरवला होता.

१९५६ नंतरची फेररचना

भाषावार प्रांतरचनेने देशाचा नकाशा बदलला, क्रिकेटचा फारसा नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडचा जुना वारसा सांगणारा विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात उतरला. राज्य महाराष्ट्र झाले तरी तो मध्य विभागातच राहिला. मुंबई व महाराष्ट्र पश्चिम विभागात. गुजरातमध्येही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ टिकले. याउलट कबड्डीसारख्या खेळात राज्य संघटना एक आणि मुंबई, रायगड हे तिचे जिल्हे, अशी उतरंड रूढ झाली. त्यामुळे रायगडचा कबड्डीपटू राज्य अजिंक्यपद स्पर्धेत मुंबईच्या खेळाडूशी जिल्हा विरुद्ध जिल्हा या समान नात्याने भिडतो. क्रिकेटमध्ये हे नाते समान नाही.

मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ वेळा करंडक जिंकला. त्यांपैकी १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी महाराष्ट्र होता. २०२३-२४ पर्यंत मुंबईच्या विजेतेपदांची संख्या ४२ झाली. या यशामागे कांगा लीगसारख्या स्थानिक स्पर्धांची घनदाट वीण आहे, आणि ती वीण मुंबईच्या अधिकारक्षेत्रात ठाणे-नवी मुंबईपर्यंत पोचते. खाडीपलीकडच्या रायगडला ती मिळत नाही.

एक राज्य, एक मत

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने जानेवारी २०१६ च्या अहवालात 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व मांडले. महाराष्ट्र व गुजरात यांना प्रत्येकी तीन मते आणि बिहार वा ईशान्येकडील बहुतेक राज्यांना मतच नाही, ही विषमता समितीला खटकली. १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने शिफारस मान्य केली. तिन्ही संघ खेळणार होते, पूर्ण सदस्यत्वाचे मत मात्र राज्यामागे एकच राहणार होते. मुंबईसारख्या संस्थेला मतदानाचा हक्क पाळीने वापरावा लागण्याची वेळ आली. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने ही स्थिती पालटली. क्रिकेटच्या वाढीतील ऐतिहासिक योगदान लक्षात घेऊन महाराष्ट्र व गुजरातमधील सहाही संघटनांना पूर्ण सदस्यत्व परत मिळाले. रेल्वे, सेनादल आणि विद्यापीठांची संघटना यांनाही. विद्यापीठांना मत आहे, रणजी करंडकात संघ नाही, ही त्यातली गंमत अध्यापकवर्गाने ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच २०१८-१९ च्या हंगामात नऊ नवे संघ येऊन स्पर्धेतील संघसंख्या ३७ झाली.

हा निकाल योग्य होता असे म्हणण्यास सबळ आधार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यातून ११ ऐवजी ३३ खेळाडू उतरतात, ही लहान बाब नव्हे. विदर्भाने सहा दशके वाट पाहून २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली, तिसरे २०२४-२५ मध्ये. एकच राज्यसंघ असता तर त्यांतील कितीजणांना राज्याची टोपी मिळाली असती? विलीनीकरणाचा आग्रह राजकारणात न्याय्य होता म्हणून मैदानावरही तो न्याय्य ठरतो असे नाही.

तथापि २०१६ आणि २०१८ या दोन्ही वेळचा वाद संघटनांच्या मतांचा होता. त्यांच्या सीमा आतून कोठे पडाव्यात हा प्रश्न पटलावर आलाच नाही. महाडहून पुण्याला जाणारा वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद पडतो. मुंबईकडे महामार्ग आहे आणि कोकण रेल्वेचे वीर स्थानक जवळ आहे. निवड चाचणीसाठी पोलादपूरच्या खेळाडूने कोणत्या दिशेला जावे हे १९३० च्या दशकात पुण्याच्या व मुंबईच्या क्लबांनी आपापसांत आखलेल्या रेषेने ठरते. ती रेषा बदलायची तर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला एक जिल्हा सोडावा लागेल आणि मुंबईला आपल्या क्लबांच्या मतदानात नवे वाटेकरी घ्यावे लागतील. दोघांपैकी कोणाचाही त्यात लाभ नाही. जिल्ह्याने स्वतःहून बाहेर पडावे, तर नोत्र दामसारखा प्रेक्षक त्याच्यापाशी नाही. म्हणून तूर्त महाविद्यालय हाच या भागातील खेळाडूला मुंबईच्या मैदानापर्यंत नेणारा एकमेव संस्थात्मक दुवा राहतो, आणि तोही तीन वा पाच वर्षांच्या शिक्षणकाळापुरता.