चिकुनगुन्या : महाराष्ट्रातील इतिहास

एडीस वंशाच्या डासांमार्फत पसरणारा एक विषाणुजन्य ज्वर. याचा विषाणू आल्फाव्हायरस या गटातील असून त्याचे जननद्रव्य एकसरी आरएनए असते. डास चावल्यानंतर साधारणतः ३ ते ७ दिवसांनी एकाएकी तीव्र ताप, अंगावर पुरळ व असह्य सांधेदुखी ही लक्षणे दिसतात. मृत्यू क्वचितच ओढवतो. मात्र सांध्यांची वेदना कित्येकदा महिनोन्‌महिने टिकते व अंगमेहनतीवर पोट असलेल्या कुटुंबाची मिळकत खुंटते.

१९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिकातील (सध्याचे टांझानिया) मकोंडे पठारावर या रोगाची मोठी साथ आली व तेथेच विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला. मकोंडे लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘वाकविणारा’ असा असून तो वेदनेने वाकलेल्या रुग्णाला उद्देशून आहे. केवळ ध्वनिसाम्यामुळे त्याचा कोंबडीशी जोडला जाणारा संबंध निराधार आहे.

प्राण्यांशी संबंध : या गटातील काही विषाणू अमेरिका खंडात घोड्यांना मेंदुदाह घडवून आणतात, पूर्वीय अश्व मेंदुदाहाचा विषाणू पक्ष्यांमधून डासांमार्फत घोड्यांकडे व माणसांकडे येतो आणि दोघांनाही घातक ठरतो. चिकुनगुन्याचा विषाणू आफ्रिकेच्या जंगलात माकडे व डास यांच्यामध्ये फिरत राहतो. भारतातील साथींत मात्र माणूस–डास–माणूस हेच चक्र प्रमुख असून गुरे वा कोंबड्या यांचा त्यात भाग नसतो. त्यामुळे येथे रोगाचा बंदोबस्त गोठ्यात नव्हे, तर घरातील पाण्यापाशी करावा लागतो.

भारतातील साथी : १९६३ मध्ये कलकत्ता येथे व १९६४-६५ मध्ये मद्रास, पाँडिचेरी, वेल्लोर इ. ठिकाणी साथी उद्‌भवल्या. महाराष्ट्रात १९६५ मध्ये नागपूर येथे आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली. बार्शीत एकतृतीयांशाहून अधिक लोकांना बाधा झाल्याचे पाहणीत दिसून आले. त्यानंतर सु. तीन दशके मोठी साथ न आल्याने हा रोग जवळजवळ विस्मृतीत गेला. तथापि विषाणू नाहीसा झालेला नव्हता. २००० मध्ये पुणे जिल्ह्यातील यवत येथे तो डासांत आढळला आणि तो पूर्वीच्या आशियाई प्रकाराऐवजी आफ्रिकी प्रकारचा असल्याचे पुढे निष्पन्न झाले. याच प्रकाराने २००५ च्या अखेरीपासून आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्र व्यापले. २००६ मध्ये देशात सु. १४ लक्ष संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी अडीच लक्षांहून अधिक महाराष्ट्रातील होते. मधल्या तीस वर्षांत जन्मलेल्या पिढीत प्रतिकारक्षमता नसणे, हे या प्रसाराचे एक कारण मानले जाते.

पाणी व डास : एडीस ईजिप्ती हा डास दिवसा चावतो व रांजण, पिंपे, हौद, टाकून दिलेले टायर यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्या जागीही काही महिने तग धरतात. दुष्काळी मुलखातच पाणी साठवावे लागते असे नाही. पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी उपसा केंद्रे बुडून नळ बंद पडले व नागरिकांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागले. असा साठा झाकलेला नसेल, तर अवर्षण व महापूर दोन्ही डासाला सारखेच उपकारक ठरतात.

प्रतिबंध : या रोगावर विशिष्ट औषध नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या लशीला मान्यता मिळाली. परंतु गंभीर दुष्परिणामांमुळे २०२५ मध्ये तेथील परवाना स्थगित करण्यात आला. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून वाळविणे (‘कोरडा दिवस’), साठे झाकणे व मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडणे हे उपाय परिणामकारक आहेत. साथ ओसरल्यावरही ते चालू ठेवणे अगत्याचे आहे, असे बार्शीनंतरच्या तीन दशकांच्या इतिहासावरून दिसते.