घोरणे, जागरण आणि एका श्वासयंत्राची गोष्ट

घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला माणूस, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. त्याला आपण कुंभकर्ण म्हणतो, लग्नघरात त्याची थट्टा करतो आणि ‘नशीबवान, पडल्या पडल्या झोप लागते’ असे कौतुकही करतो. वैद्यकशास्त्रसुद्धा बराच काळ याहून फार वेगळा विचार करीत नव्हते. ही समजूत कशी मोडली आणि आज अनेकांच्या उशाशी दिसणारे ‘सीपॅप’ यंत्र कसे आले, याचा इतिहास फार जुना नाही.

चार्ल्स डिकन्स यांच्या 1836-37 मधील ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. काम करता करता तो झोपतो आणि घोरतो. 1956 साली बरवेल आणि त्यांच्या सहकारी अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात उत्तम पाने हाती आली असतानाही या गृहस्थांना झोप लागली होती! गणपतीच्या जागरणाला पत्ते खेळणाऱ्यांना यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको. डॉक्टरांनी कादंबरीवरून या आजाराला ‘पिकविक’ नाव दिले आणि कारण लठ्ठपणात शोधले. त्यांचे लक्ष होते ते दिवसाच्या झोपेवर.

रात्री काय घडते हे 1965 मध्ये कळले. फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांची झोप आणि श्वास यांची रात्रीची नोंद घेतली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटत होता. छाती ओढ घेत होती, पण हवा आत जात नव्हती. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू क्षणभर जागा होई, मोठा घुरका येऊन श्वास सुरू होई आणि पुन्हा तेच. एका रात्रीत हे शेकडो वेळा होऊ शकते. म्हणजे घोरणारा हा माणूस गाढ झोपलेला नव्हताच. तो रात्रभर श्वासासाठी झगडत होता.

आजार समजला, पण उपाय भयंकर होता. गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवायची. जीव वाचे, पण गळ्यातले ते छिद्र आयुष्यभर सांभाळावे लागे.

1980 च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्यापुढे असाच एक रुग्ण होता. त्याला गळा कापून घ्यायचा नव्हता. सुलिव्हन यांनी नाकावाटे किंचित दाबाची साधी हवा सतत सोडून पाहिली आणि घशाची वाट उघडी राहिली. शेतातली लपेटा पाईप पाणी नसताना चपटी पडते आणि आत दाब आला की फुगून उघडी राहते, तसेच हे तत्त्व. लागणारा दाब पाण्याच्या 4.5 ते 10 सेंटिमीटर उंचीइतकाच. एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरील हा प्रयोग छापून आला. सुरुवातीची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्यावर चालत, फार आवाज करीत आणि मुखवटा रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. तरीही रुग्ण ती सोडेनात, कारण कित्येक वर्षांनी त्यांना खरी झोप मिळाली होती.

हा गोऱ्या, लठ्ठ लोकांचा आजार, असे म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण 19.5 टक्के, तर त्यासोबत दिवसा पेंगणाऱ्यांचे 7.5 टक्के निघाले. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हाच आजार होता.

आपल्या सीमाभागाला यात आणखी एक काळजी आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग निपाणीवरून, तवंदी घाटातून बेळगावकडे जातो. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल ट्रक, टेम्पो आणि वडापच्या चाकांवर पेटते. उपचार न घेतलेल्या अशा रुग्णाला गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीही या आजाराचा संबंध आहे.

या इतिहासाचे सार एवढेच की, रुग्णाला आपला आजार दिसत नाही. रात्री जागून पाहणाऱ्याला तो दिसतो. प्रयोगशाळांना हे 1965 मध्ये कळले. आपल्या घरांत ते पाहणारी माणसे कायमच होती. नवऱ्याचा श्वास थांबला म्हणून दचकून उठलेली, त्याला हलवून कुशीवर वळवणारी बायको हीच या आजाराची पहिली साक्षीदार. पण तिचे म्हणणे थट्टेवारी जाते, आणि बायकांच्या घोरण्याचा तर विषयच निघत नाही.

गणेशोत्सवात आपली मंडळे आरोग्य शिबिरे घेतात, साखर आणि रक्तदाब तपासतात. त्या रांगेत एक प्रश्न वाढवायला खर्च येत नाही: झोपेत तुमचा श्वास थांबतो असे घरचे सांगतात का? उत्तर ‘हो’ असेल, तर झोपेची तपासणी आता बेळगाव-कोल्हापुरातही होते. प्रत्येकाला यंत्र लागेलच असे नाही. काहींना वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू बंद करणे यानेही गुण येतो. ते डॉक्टर ठरवतील. आपण एवढेच करू, की घरात रात्री जागणाऱ्या माणसाचे म्हणणे सकाळी मनावर घेऊ.