बोटांना मिळालेला परवाना

आपल्याकडे मालिशवाल्याला परवाना कोण विचारतो? चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा चंपीवाला, बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई, तालमीतला वस्ताद ही सगळी मंडळी कुणाच्या तरी हाताखाली शिकली. 'प्यासा'मधला (१९५७) जॉनी वॉकरचा मालिशवाला आठवा. त्याच्याजवळ कागद नव्हता, गळा होता. आणि तोही रफीसाहेबांचा!

जपानमध्ये मात्र असे चालत नाही. तिथे मालिशला 'आन्मा' म्हणतात आणि ती पैसे घेऊन करायची तर सरकारी परवाना लागतो. बारा वर्षांचे शालेय शिक्षण, मग मान्यताप्राप्त संस्थेत किमान तीन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, रोगविज्ञान यांचा अभ्यास आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. या नियमाला एक अपवाद आहे. ज्याची दृष्टी गेली आहे किंवा फारच अधू आहे, त्याला नऊ वर्षांच्या शाळेनंतरच या अभ्यासाला बसता येते. परीक्षाही ब्रेलमध्ये देता येते. ही सवलत कुठून आली, हे कळायला तीनशे-साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचा एक अंध वैद्य होऊन गेला. सुई टोचून उपचार करण्याची विद्या तो शिकत होता. पण गुरूने त्याला मंदबुद्धी म्हणून हाकलले, असे सांगतात. एनोशिमा बेटावरच्या गुहेत तो उपास करून बसला. परतताना ठेच लागून पडला आणि हाताला काहीतरी टोचले. चाचपून पाहतो तो गुंडाळलेल्या पानात पाइनची एक काडी. त्यावरून त्याला बारीक नळीतून सुई घालण्याची कल्पना सुचली. ही दंतकथा असेल, नळी मात्र खरी आहे. जगभरचे सुईवैद्य आजही ती वापरतात.

पुढे त्याने शोगुन त्सुनायोशीवर उपचार केले. खूश होऊन शोगुनने विचारले, काय हवे? सुगियामा म्हणाला, एक डोळा. शोगुनने त्याला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, जागा दिली. तिचे नाव होते 'हितोत्सुमे', ज्याचा एक अर्थ होतो 'एक डोळा'! कवीला हेवा वाटावा असा हा श्लेष. पण सुगियामाचे मोठेपण या किश्शात नाही. सुई आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा त्याने अंधांसाठी काढल्या. तेव्हापासून आन्मा हा अंधांचा हक्काचा धंदा झाला. रात्री शीळ वाजवत गल्लीतून जाणारा अंध मालिशवाला ही त्या शहराची ओळख बनली.

अंधांची एक मोठी संघटनाही होती, 'तोदो-झा'. तिच्यात पायऱ्या होत्या आणि वरची पायरी पैसे मोजून मिळे. तिचे काही बडे सभासद सावकारी करत, व्याजही जबर घेत. तेव्हा तो काळ फार सोवळा होता असे समजू नये. पण १८७१ साली मेइजी सरकारने आधुनिकतेच्या भरात ही संघटना मोडली, तेव्हा सावकारांबरोबर शीळ वाजवणारे गरीबही उघड्यावर आले. डोळस माणसे या धंद्यात शिरू लागली.

मालिश फक्त अंधांसाठी राखून ठेवा, अशी मागणी पुढे आली. सरकारने ती मानली नाही. १९११च्या नियमांनी मालिशला परीक्षा आणि परवाना लागू झाला. मात्र परवाने दोन प्रकारचे ठेवले. त्यातला दुसरा, सोप्या परीक्षेचा, अंधांसाठी होता. महायुद्धानंतर अमेरिकन अमलात या जुन्या उपचारांवर बंदीच घालावी असे घाटत होते. अंध मंडळी विरोधाला उभी राहिली आणि १९४७च्या अखेरीस बंदीऐवजी कायदा झाला.

त्या कायद्यात १९६४ साली एकोणिसावे कलम आले. अंधांची उपजीविका धोक्यात येत असेल, तर डोळसांना मालिश शिकवणाऱ्या नव्या संस्थेला सरकार 'तूर्त' मान्यता नाकारू शकते, असे ते सांगते. हे 'तूर्त' साठ वर्षे उलटली तरी सरलेले नाही. एका शिक्षणसंस्थेने २०१६ साली त्याला आव्हान दिले: हवा तो व्यवसाय निवडण्याचा नागरिकाचा हक्क यात मारला जातो. युक्तिवाद पोकळ नव्हता. अंधांना आता इतर नोकऱ्याही मिळतात, हेही खरे. तरी ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनेला धरून आहे असा निकाल दिला. मला तो योग्य वाटतो. डोळसाला मालिशचे दार बंद झाले तर दुसरी दहा दारे असतात. अंधाला अजून तितकी नाहीत.

पण न्यायालयाच्या बाहेर वेगळेच चालले आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला परवानाधारक मालिशवाल्यांत निम्म्याहून अधिक अंध होते. आता ते सुमारे पाव उरले आहेत. शिवाय १९६०च्या एका निकालाने असे ठरले, की प्रकृतीला अपाय होण्याचा धोका असेल तरच विनापरवाना उपचाराला शिक्षा करता येईल. त्या फटीतून हजारो दुकाने निघाली. त्यांच्या पाटीवर 'मालिश' हा शब्द नसतो. 'रिलॅक्सेशन' असतो, 'अंग मोकळे करून मिळेल' असते. आत जे चालते ते मालिशच. फक्त ते करणाऱ्याला तीन वर्षांचा अभ्यास आणि परीक्षा, दोन्हीही करावे लागलेले नसते.