आधी लहान यंत्र, मग मोठे

१/ कोपरीतून ठाणे स्थानक गाठून ऐरोलीची लोकल पकडणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्यांना ‘आधी प्रोटोटाइप’ हा मंत्र पाठ असतो. मुंबईत तो सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच आचरणात आला होता.

२/ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने संगणक घडवण्याचा विडा उचलला. बहुतेकांना या कामाचा पूर्वानुभव नव्हता. म्हणून प्रथम लहान प्रायोगिक यंत्र उभारून १९५६ मध्ये रचना पारखली. मगच मोठे यंत्र हाती घेतले.

३/ मोठे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. चुका व्हायच्याच, तर त्या लहान यंत्रावर व्हाव्यात, हाच त्या क्रमाचा अर्थ. मुदतीच्या घाईत आपण नेमका हाच टप्पा गाळतो.