निस्तारापासून सामूहिक वनहक्कापर्यंत

वैनगंगेच्या काठचे वडसा (देसाईगंज) हे दीर्घ काळ गडचिरोलीच्या वनप्रदेशाला लोहमार्गाशी जोडणारे एकमेव स्थानक होते. या वनाचे मूल्य बाहेरील बाजारपेठेने कसे ठरविले, हे अशा स्थानकावरून ध्यानात येते. परंतु त्याच वनाचे दुसरे एक मूल्य गावकऱ्यांच्या लेखी होते व त्यास ‘निस्तार’ असे नाव होते. सरपण, गवत, बांबू, किरकोळ लाकूड व चराई या घरगुती आणि शेतीच्या गरजा गावाने जवळच्या रानातून भागवाव्यात, ही निस्ताराची कल्पना होय. तीत गरज हीच मर्यादा होती.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजी अमलाने मालगुजारांना गावाची मालकी दिली. तथापि गावकऱ्यांचे निस्तारविषयक रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदविले गेले. सरकारी जंगलात मात्र १८६५, १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी नियंत्रण उत्तरोत्तर कडक केले. जो रिवाज होता तो तेथे सरकारी सवलत ठरला. या शब्दबदलाचे परिणाम दूरगामी होते, कारण सवलत ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते.

मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली. मालगुजाराच्या मर्जीतून रयत सुटली, ही गोष्ट निःसंशय इष्टच झाली. परंतु त्याबरोबरच गावची राने आणि कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले तलावही शासनाकडे गेले. निस्तारपत्रके तयार झाली खरी. तथापि उपभोग गावाचा आणि निर्णय खात्याचा, अशी फारकत झाल्यामुळे राखणीची जबाबदारी आपली आहे ही भावना क्षीण होत गेली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. लालश्याम शाह व बाबा आमटे हे त्यातील अग्रणी होत. या जागृतीच्या काळातच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व अभ्यासगट चालविण्याची प्रथा पाडली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि १५ ऑगस्ट २००९ रोजी मेंढ्यास सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला.

तथापि हक्क मिळूनही वाद मिटला नाही. १९२७ च्या कायद्याने बांबूस ‘वृक्ष’ मानले होते, तर नव्या कायद्याने त्यास गौण वनोपज ठरविले. गावाने बांबू विकावयाचा, तर त्याच्या वाहतुकीचे परवाने कोणी द्यावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवानापुस्तके ग्रामसभेच्या हाती आली.

या घटनेस जुन्या निस्ताराचे पुनरुज्जीवन म्हणणे युक्त होणार नाही. निस्तारात विक्री नव्हती, येथे आहे. म्हणूनच गरजेची जुनी मर्यादा आता आपोआप पाळली जाणार नाही, ती ग्रामसभेने स्वतः घालून घ्यावी लागेल. मेंढ्यात हक्कापूर्वीच सहमतीची शिस्त रुजली होती, हे यासंबंधी विशेष लक्षणीय आहे. कायदा हक्क देऊ शकतो. वनाची राखण मात्र अशा शिस्तीवाचून टिकत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.